चित्रपटाचें परीक्षण : कसोटी कोणती?

धंतोलींत ज्या थोड्या घरांपुढें अजून अंगण उरलें आहे व ज्यांच्या दोन्ही अंगांस रुग्णालयांच्या पाट्या लागलेल्या नाहींत, अशा एका घरीं आम्ही पांचसहा कुटुंबें रविवारीं संध्याकाळीं एकत्र जमतों आणि जुनेनवे मराठी चित्रपट पाहतों. गेल्या उन्हाळ्यांत लागोपाठच्या दोन रविवारीं आम्हीं दोन चित्रपट पाहिले. पहिला प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' (१९३६); दुसरा चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४). पहिला संपला तेव्हां वडीलधाऱ्या मंडळींचे डोळे पाणावलेले होते. दुसरा संपला तेव्हां आमच्यांतील एक निवृत्त वकील घड्याळाकडे पाहून म्हणाले, "दोन तास बसलों खरे, पण यांत घडलें काय?" त्यांची महाविद्यालयांत शिकणारी नात शेजारींच बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही चाळीस वर्षें कोर्टांत गेलांत. तिथें रोज काय घडत होतें?"

सगळे हसले, वकीलसाहेबही हसले. मला मात्र हसूं आलें नाहीं. कारण २०१५ सालीं हा चित्रपट प्रथम पाहून बाहेर पडतांना मींही तेंच म्हटलें होतें, आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत 'विषय उत्तम, पण नाट्य नाहीं' असा निकालही देऊन टाकला होता. तो निकाल कोणत्या कायद्यानें दिला, हें कोणा विद्यार्थ्यानें विचारलें नाहीं आणि मींही स्वतःस विचारलें नाहीं. आज तो प्रश्न वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु.

आम्हां साहित्याच्या अध्यापकांना एक जुनी खोड आहे. चित्रपट दिसला कीं आम्ही त्यास कादंबरीच्या किंवा नाटकाच्या तराजूंत घालतों. कथानक बांधीव आहे काय, स्वभावरेखन ठसठशीत आहे काय, संवाद चटकदार आहेत काय, हें पाहिलें कीं आमचें परीक्षण आटोपलें. वृत्तपत्रांतील परीक्षणेंही बहुधा याच वाटेनें जातात. शेवटीं अभिनय व संगीत यांस एकेक वाक्य मिळतें, आणि ज्या यंत्राच्या डोळ्यांतून आपण हें सारें पाहिलें त्याचा उल्लेखही होत नाहीं. वास्तविक मराठी माणसानें ही चूक करूं नये. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ज्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणला, ते दादासाहेब फाळके कथा पुराणांतून घेत होते हें खरें. पण त्यांची स्वतःची पुंजी छायाचित्रण, मुद्रणकला आणि जादूचे प्रयोग ही होती. त्यांनीं १९१७-१८ च्या सुमारास 'नवयुग' मासिकांत या नव्या कलेविषयीं लेखही लिहिले. म्हणजे मराठींत चित्रपटाचा विचार आरंभला तो त्याच्या कर्त्यानें. आपण समीक्षक मंडळी मागाहून आलों आणि पुन्हां नाटकाच्या दाराशीं जाऊन उभे राहिलों.

दुसरी कसोटी आपल्या घरची, रससिद्धान्ताची. 'संत तुकारामा'स ती किती सहज लागू पडते! विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवरील तन्मयता, गौरीबाईंच्या जिजाईचा त्रागा आणि त्या त्राग्याखालची माया, इंद्रायणींत बुडविलेल्या अभंगांचें परत येणें, यांतून भक्ति आणि करुण हे रस परस्परांस पोसतात. भट्टनायकानें ज्यास साधारणीकरण म्हटलें तें येथें डोळ्यांनीं पाहावयास मिळतें : तुकोबांचें दुःख कोणा एकाचें न राहतां सर्वांचें होतें. पण 'कोर्ट'पाशीं हा सिद्धान्त अडखळतो. त्या चित्रपटांत कोणताच भाव परिपक्व होऊं दिलेला नाहीं. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा कीं, त्यांच्या एका गाण्यामुळें गटारांत उतरून काम करणाऱ्या वासुदेव पवार नांवाच्या कामगारानें आत्महत्या केली. त्या कामगाराची विधवा साक्ष देते, आणि नवरा कसलीही संरक्षक साधनें न घेतां विषारी वायूंत उतरत असे, हें अगदीं कोरड्या आवाजांत सांगते. करुण रसास याहून योग्य प्रसंग कोणता? पण तेथें संगीत नाहीं, अश्रु नाहींत, कॅमेरा तिच्या जवळही जात नाहीं. रसवादी म्हणेल, 'हा रसभंग झाला.' आणि मीं २०१५ सालीं, शब्द निराळे वापरून, हेंच म्हटलें होतें.

येथें तिसरी कसोटी उपयोगी पडते. ती रूपाची, रचनेची. या वाटेवर युरोपांत दोन घराणीं झालीं. रशियांतील कुलेशोव्हनें एका नटाचा तोच चेहरा निरनिराळ्या दृश्यांना जोडून दाखविला आणि प्रेक्षकांस त्या चेहऱ्यावर निरनिराळे भाव दिसले. अर्थ एकेका चित्रांत नसून दोन चित्रांच्या सांध्यांत असतो, या तत्त्वावर आयझेनस्टाइननें आपली कला आणि आपलें शास्त्र उभारलें. उलट फ्रान्समध्यें आंद्रे बाझँ यानें म्हटलें कीं, जगाचे तुकडे करून प्रेक्षकास अर्थ भरवूं नये. दृश्य अखंड ठेवावें, त्यास वेळ द्यावा, आणि काय पाहावें हें पाहणाऱ्यावर सोडावें. 'संत तुकारामां'तील चमत्कार पहिल्या घराण्याचे ऋणी आहेत. भक्ताची मुद्रा आणि देवाची मूर्ति यांच्या सांध्यांतच तेथें देव प्रकट होतो. 'कोर्ट' हा दुसऱ्या घराण्याचा. त्यांतील कॅमेरा बहुतांशीं स्थिर आणि दूर आहे. तो आपणांस न्यायालयांतील मागच्या बांकावर बसवितो. सरकारी वकीलबाई कायद्याचीं कलमें वाचीत राहतात, तारखा पडत राहतात, आणि आपण चुळबुळ करूं लागतों. ही चुळबुळ हा रचनेचा दोष नसून रचनेचें साध्य आहे. कांबळे यांच्या आयुष्यांतील महिने ज्या रीतीनें खर्ची पडतात, त्यांतील दोन तास आपणांकडून वसूल केले जातात, आणि तेवढेही आपणांस जड होतात.

हें मला उमगलें तें मराठींतीलच एका ग्रंथाच्या शिकवणुकीनें. अरुण खोपकर यांचें 'गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका' (१९८५) हें पुस्तक ज्यांनीं वाचलें नसेल त्यांनीं अवश्य वाचावें. राष्ट्रीय पुरस्कारानें गौरविलेल्या त्या ग्रंथांत प्रकाश, छाया, कॅमेऱ्याची हालचाल आणि गीत यांचा विचार असा केला आहे कीं, आशय आणि रूप हे दोन शब्द निराळे उच्चारण्याची वाचकास लाज वाटावी.

चौथी कसोटी कर्त्याची. १९५४ सालीं त्र्युफोनें एका गाजलेल्या लेखांत प्रतिपादिलें कीं, चित्रपटाचा खरा लेखक दिग्दर्शक होय. त्याचा स्वभाव त्याच्या सर्व कृतींतून ओळखतां आला पाहिजे. या मतानें अनेक उपेक्षित दिग्दर्शकांना न्याय मिळाला. पण 'संत तुकारामा'चा लेखक कोण? दिग्दर्शक दोन : ध्वनींत निष्णात असलेले दामले आणि कलादिग्दर्शनांत निष्णात असलेले फत्तेलाल. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळे यांचें, आणि शांताराम आठवले यांनीं त्यासाठीं रचलेलें एक पद तर पुष्कळांनीं तुकोबांचाच अभंग म्हणून स्वीकारलें. कवि स्वतःस विसरून दुसऱ्याच्या नांवांत विरघळला, हें ज्या कृतीचें वैभव, तीस एकट्या कर्त्याची मोजपट्टी कशी लावावी? ती वारकऱ्यांच्या दिंडीसारखी आहे. पताका एकाच्या हातांत असते, पण चालतात सगळे.

पांचवी कसोटी समाजाची. चित्रपट कोणाच्या नजरेनें जग दाखवितो, कोणास बोलूं देतो व कोणास गप्प ठेवतो, हें ती विचारते. लॉरा मल्व्ही या विदुषीनें १९७५ सालीं पडद्यावरील पुरुषी नजरेविषयीं जो लेख लिहिला, त्यानंतर जिजाईकडे पूर्वीसारखें पाहणें कठीण झालें आहे. तुकोबा वैकुंठास जातात. जिजाई मुलाबाळांसह मागें राहते. वैकुंठाचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न भाविकास बोंचेल. पण चित्रपटानें तो लपविलेला नाहीं, आणि म्हणूनच तो मोठा आहे. जातीचा प्रश्नही असाच. एक कवि आहे, त्याचें कवन आहे, आणि तें गुन्हा ठरविणारें पीठ आहे, एवढी कथा दोन्हीं चित्रपटांत समान आहे. देहूच्या कवीचे अभंग नदी परत देते. मुंबईच्या शाहिरास कोणतीच नदी कांहीं परत देत नाहीं. जामीन मिळतो आणि पुन्हां अटक होते. पहिल्याचा गौरव १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत झाला, दुसऱ्याचा २०१४ सालीं त्याच महोत्सवांत. मधल्या सत्याहत्तर वर्षांत आपला चमत्कारावरील विश्वास गेला; पीठ मात्र गेलें नाहीं. या कसोटीचा धोका एवढाच कीं, ती हातीं असलेला समीक्षक पुष्कळदां चित्रपट न पाहतां केवळ त्याचा साक्षीपुरावा नोंदवितो, आणि मग चित्रपट व अहवाल यांत भेद उरत नाहीं.

मग कसोटी कोणती? माझें उत्तर साधें आहे. प्रथम काय दिसलें व काय ऐकूं आलें तें प्रामाणिकपणें सांगावें. निवाडा मागाहून करावा. 'कोर्ट'चा शेवट घ्या. उन्हाळ्याची सुटी लागते, न्यायालय रिकामें होतें, दिवे मालवतात, आणि पडदा बराच वेळ अंधारांत राहतो. चित्रपट येथेंच संपावा असें कथानकवाद्यास वाटतें, तसें मलाही वाटलें होतें. परंतु तो पुढें जातो. न्यायाधीश आपल्या परिवारासह सहलीस गेले आहेत. बांकावर बसल्या बसल्या त्यांस डुलकी लागते. मुलें ओरडून त्यांस दचकवून उठवितात. ते एका मुलास थप्पड मारतात आणि पुन्हां डोळे मिटतात. नुसतें हें वर्णन नीट केलें कीं पांचही कसोट्या आपोआप एकत्र येतात. हा गृहस्थ दुष्ट नाहीं. तो हौशी आहे, कुटुंबवत्सल आहे, आपल्या ओळखीचा आहे. आमच्या अंगणांत त्या संध्याकाळीं त्याला खुर्ची दिली असती तर तो कोणास परका वाटला नसता. 'नाट्य नाहीं' म्हणून जो निकाल मीं दिला होता, तोही अशाच एका डुलकींतून दिलेला होता.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून लेख संपवितां येत नाहीं. नारायण कांबळे यांची भूमिका करणारे वीरा साथीदार हे आमच्या नागपूरचे. ते व्यवसायानें नट नव्हते. आंबेडकरी चळवळींतील कार्यकर्ते आणि 'विद्रोही'चे संपादक होते. एप्रिल २०२१ मध्यें करोनानें त्यांचें येथेंच निधन झालें. बाझँ म्हणत असे कीं, छायाचित्रांत वस्तूचें नुसतें साम्य नसतें, तिचा प्रत्यक्ष ठसा असतो. पुस्तकांत वाचलें तेव्हां हें मत मला अतिशयोक्तीचें वाटलें होतें. त्या रविवारीं पडद्यावर ते थकलेले, ताठ मानेचे गृहस्थ साक्षीच्या पिंजऱ्यांत येऊन उभे राहिले, तेव्हां याच शहराच्या रस्त्यांवर आपण त्यांच्या जवळून कित्येकदां गेलों असूं आणि पाहिलें नसेल, असें वाटून मन खजील झालें. चित्रपट कसा पाहावा हें शास्त्र शिकण्याचा खरा उपयोग बहुधा चित्रगृहाबाहेर होतो.

पुढच्या रविवारीं वकीलसाहेबांनीं स्वतः होऊन सांगितलें, "तो 'कोर्ट' पुन्हां लावा. मागच्या खेपेस मी घड्याळ पाहत होतों."