बल्लारपूरचा कोट आणि खांडक्याची दंतकथा

चांद्याहून निघून बल्लारपूरचा कोट एका दिवसांत पाहून होतो, आणि पाहणारा परततांना बहुधा एक कथा बरोबर घेऊन येतो. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह ह्याच्या अंगावर गांठी उठल्या होत्या. झरपट नदीच्या पाण्यानें त्या बऱ्या झाल्या. तेथें अचलेश्वराचें देऊळ उभें राहिलें व राणीच्या सल्ल्यानें राजधानी चांद्यास गेली. पुढें त्याच रानांत एका सशानें राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला आणि ससा ज्या वाटेनें धांवला त्या वाटेवर शहरकोट घातला. ही कथा छापील झाली, आणि छापील झाली म्हणूनच ती इतिहासाच्या मोलानें चालूं लागली. तें मोल तिला द्यावें काय, एवढाच येथें विचार कर्तव्य आहे.

प्रथम वास्तु. वर्धेच्या कांठीं बुरुजांनीं युक्त असा हा कोट असून तट बऱ्याच अंशीं शाबूत आहे. दोन दरवाजे एकमेकांशीं काटकोनांत घातले आहेत. आंत शिरणाऱ्या शत्रूस वळावें लागावें हा त्यांतील हेतु उघड दिसतो. नदीच्या अंगास एक लहान दरवाजा आहे. आंतील राजवाडा मात्र पडला आहे. ह्या पडक्या भिंतींवरून कोणा राजाचें सुखदुःख सांगणें म्हणजे कोऱ्या कागदावर वाचन करणें होय.

आतां ससा. कुत्र्यावर उलटणारा ससा विजयनगरच्या स्थापनेच्या कथेंत आहे, अहमदाबादच्याही आहे. जो ससा तीन राजधान्यांत धांवतो तो एकीचाही साक्षीदार धरतां येत नाहीं. इरई व झरपट ह्यांच्या संगमाजवळची जागा आणि विस्तीर्ण तट पाहिला म्हणजे राजधानी हलविण्यास सशावांचूनही पुरेशीं कारणें होतीं, असें आम्हांस वाटतें.

याहून नाजूक प्रश्न सालांचा आहे. प्रचलित यादींत खांडक्या १४७० ते १४९५, बाबाजी बल्लाळशाह १५७२ ते १५९७ आणि धुंड्या रामशाह १५९७ ते १६२२, असे काळ दिलेले आढळतात. तिघांचेंही राज्य नेमकें पंचवीस वर्षांचें! मृत्यु इतका हिशेबी नसतो. पिढीस पंचवीस वर्षें धरून कोणी तरी मागें मोजीत गेला असावा, असा संशय घेणें प्राप्त आहे. ह्या मालिकेंत समकालीन आधार मिळतो तो बाबाजीस. ऐने-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत गोंड जमीनदार बाबजी, त्याचे एक हजार स्वार व चाळीस हजार पायदळ ह्यांची नोंद असून, हिऱ्यांची खाण असलेलें वैरागड त्यानें नुकतेंच दुसऱ्या जमीनदारापासून घेतल्याचें म्हटलें आहे. वैरागड १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यांत मोडतें. संख्येंत अतिशयोक्ति असूं शकेल. पण नांव, प्रदेश व काळ ह्यांचा येथें मेळ बसतो. तेव्हां गणना बाबाजीपासून मागें व पुढें करावी. खांडक्यापासून आरंभ करूं नये.

म्हणून कथा टाकाऊ ठरते असें नाहीं. चांद्यापूर्वीं गादी बल्लारपुरास होती, ही आठवण तींत टिकली आहे. शिवाय तींत सल्ला राणीचा आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. बीरशाहाची समाधि बांधविणाऱ्या राणी हिराईचें नांव अचलेश्वर व महाकाली ह्या देवळांशींही परंपरेनें जोडलें जातें. कथेस आजचें रूप त्या काळीं आलें असावें काय? आमचें हें केवळ अनुमान आहे. कोणी सिद्धान्त म्हणून उद्धृत करूं नये.

निर्णय अर्थात् कागदांनींच व्हावयाचा. १७५१ च्या सुमारास हें राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. नव्या धन्यापुढें जुना हक्क सांगतांना वतनदार पूर्वीच्या राजाचें नांव घेतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे. म्हणून झाडीमुलखांतील जमीनदार, देशपांडे व देवस्थानें ह्यांच्या दफ्तरांतील सनदा, निवाडे व इनामपत्रें पाहतांना संग्राहकांनीं भोसल्यांच्या शिक्क्यावर न थांबतां मजकुरांतील मागील हवालाही उतरून घ्यावा. साल फसली, शक कीं हिजरी तें नमूद करावें, आणि वाचन संशयित असेल तेथें अक्षर न भरतां जागा मोकळी सोडावी.