च्युबाकाच्या मृत्यूचे काय झाले?

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेक्टर प्राइम’ या आर. ए. साल्व्हाटोर यांच्या कादंबरीत च्युबाका मरतो. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतला हान सोलोचा हा केसाळ, धिप्पाड सोबती. एक चंद्र ग्रहावर कोसळत असताना तो हानच्या धाकट्या मुलाला वाचवतो आणि स्वतः मागे राहतो. पुढच्या कादंबऱ्या हा मृत्यू गृहीत धरूनच लिहिल्या गेल्या. डिसेंबर २०१५ मध्ये ‘द फोर्स अवेकन्स’ प्रदर्शित झाला, तेव्हा त्यात च्युबाका धडधाकट होता.

त्याची तजवीज आधीच झालेली होती. २०१२ मध्ये डिस्नेने चार अब्ज डॉलरहून अधिक किमतीला लुकासफिल्म विकत घेतली. २५ एप्रिल २०१४ रोजी लुकासफिल्मने जाहीर केले की, तोवरचे सहा चित्रपट आणि ‘द क्लोन वॉर्स’ ही ॲनिमेशनपटाची कथा तेवढी अढळ मानली जाईल. जुन्या कादंबऱ्या यापुढे ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा, अशा शिक्क्याखाली छापल्या जातील. ज्या वाचकांनी वीस-वीस वर्षे ही पुस्तके जमवली होती, त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. पण माझ्या मते तो चुकीच्या जागी खर्च झाला.

‘कॅनन’ हा शब्द ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या यादीवरून आलेला. मी त्याला ‘प्रमाण’ म्हणतो, कारण प्रमाणभाषेसारखाच इथेही ‘कोणी ठरवले?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. लुकासफिल्ममध्ये २००० सालापासून लीलंड ची यांनी ‘होलोक्रॉन’ नावाची नोंदवही संगणकावर सांभाळली. पात्रे, ग्रह, याने, सगळ्यांच्या नोंदी. आणि प्रत्येक नोंदीला दर्जा. सर्वांत वर ‘जी’, म्हणजे जॉर्ज लुकास यांचे चित्रपट, कादंबऱ्या त्याखाली. वरच्याने खालच्याला खोटे पाडावे, खालच्याने वरच्याला नाही. स्वतः लुकास तर कादंबऱ्यांचे जग आपल्या जगाहून वेगळे आहे, असे मुलाखतींतून सांगत आले. म्हणजे २०१४ च्या घोषणेने पायउतार झालेली पुस्तके त्याआधीही दुय्यम आसनावरच बसलेली होती.

बरे, वरचा दर्जा तरी सुसंगत होता का? १९७७ च्या चित्रपटात ओबी-वान ल्यूकला सांगतो की, तुझ्या वडिलांना डार्थ व्हेडरने मारले. १९८० मध्ये व्हेडरच वडील निघतो. १९८३ मध्ये ओबी-वानला आपल्या बोलण्याची सारवासारव करावी लागते. याच काळात, १९७८ मध्ये, ॲलन डीन फॉस्टर यांची एक कादंबरी आली. तिच्यात ल्यूक आणि लेया यांच्यात ओढ दिसते. पाच वर्षांनी पडद्यावर ते दोघे सख्खी भावंडे ठरले! फॉस्टर यांनी काय करायला हवे होते?

म्हणून मला वाटते, प्रमाण म्हणजे पुढच्या लेखकांना दिलेली कामाची सूचना. कोणत्या घटनांना बांधील राहायचे, एवढेच ती सांगते. वाचकाने काय वाचले, यावर तिचा अंमल नाही. आणि मालकालाही ती जुनी पुस्तके फेकवत नाहीत. टिमथी झान यांच्या १९९१ च्या ‘एअर टू द एम्पायर’ने साम्राज्याच्या राजधानीला ‘कोरुसांट’ हे नाव दिले, ते लुकास यांनी चित्रपटांत उचलले. त्याच कादंबरीतला निळ्या कातडीचा सेनापती थ्रॉन २०१४ मध्ये दंतकथेत गेला आणि २०१६ मध्ये ‘रेबेल्स’ मालिकेतून प्रमाणात परतला. लेखक तोच, पात्र तेच.

खरे नुकसान १९९७ मध्ये झाले, आणि ते पुस्तकांचे नव्हे. त्या वर्षी लुकास यांनी पहिले तीन चित्रपट नवी दृश्ये घालून पुन्हा प्रदर्शित केले. पहिल्या चित्रपटात गुत्त्यात हान टेबलाखालून पिस्तूल काढून ग्रीडोला मारतो, ग्रीडोला संधीच मिळत नाही. नव्या आवृत्तीत ग्रीडो आधी गोळी झाडतो, तीही हातभर अंतरावरून, आणि नेम चुकतो. धंदेवाईक, स्वार्थी हान शेवटी मित्रांसाठी परततो, हा त्याचा सगळा प्रवास; त्या प्रवासाची पहिली पायरीच गुळगुळीत करून टाकली. २००४ मध्ये दोन्ही गोळ्या जवळजवळ एकदम सुटू लागल्या.

लेखकाला आपली कृती सुधारण्याचा हक्क नाही का? जरूर आहे. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रपटाचे दिग्दर्शक अनुक्रमे अर्विन कर्शनर आणि रिचर्ड मार्क्वांड होते. फेरफार त्यांच्या कामातही झाले. पहिल्या चित्रपटाच्या संकलनासाठी मार्शा लुकास, पॉल हर्श आणि रिचर्ड च्यू यांना ऑस्कर मिळाले. ज्या संकलनाला ते मिळाले, ते आज बाजारात सहज मिळत नाही. २००६ मध्ये मूळ आवृत्त्या डीव्हीडीवर जोडतबकडी म्हणून आल्या, त्याही जुन्या लेझरडिस्कच्या प्रतीवरून आणि हलक्या दर्जाच्या. यातला विरोधाभास असा की, १९८८ मध्ये कृष्णधवल चित्रपटांना रंग चढवण्याविरुद्ध अमेरिकी काँग्रेससमोर बोलताना याच लुकास यांनी नफ्यासाठी वा सत्तेच्या जोरावर कलाकृती बदलणाऱ्यांना रानटी ठरवले होते.

‘व्हेक्टर प्राइम’ दंतकथा ठरली तरी तिच्यातला एक शब्दही बदलला नाही. कपाटातून काढा, च्युबाका आजही तिथेच मरतो. १९७७ च्या चित्रपटाचे तसे नाही. तो सगळ्यांत वरच्या दर्जाचा प्रमाण ग्रंथ, आणि त्याचीच मूळ प्रत झाकलेली. जून २०२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात त्या काळातली एक प्रिंट दाखवण्यात आली, तर तीच मोठी बातमी झाली. घरी डिस्ने प्लसवर तोच चित्रपट लावला, तर २०१९ पासूनचा ग्रीडो गोळी झाडण्यापूर्वी ‘मॅक्लंकी’ असेही काहीतरी म्हणतो.