मतदानाने नेमकं काय बदलतं?

“ज्याच्याकडे पैसा त्याचीच सत्ता, मग मत देऊन काय होणार?” हा प्रश्न आपल्या नगर जिल्ह्यात पारावरही ऐकू येतो. आम्हाला त्यात एक गोंधळ दिसतो. मत कवडीमोल असतं, तर ते विकत घ्यायला कोणी कशाला आलं असतं? पैसा मताला घाबरतो, म्हणून तर तो खर्च होतो.

मग अडतं कुठे? आपल्याच जिल्ह्याचा दाखला घेऊ. १९९१ मध्ये नगरमधून यशवंतराव गडाख लोकसभेवर निवडून आले आणि बाळासाहेब विखे पाटलांनी त्या निवडीला कोर्टात आव्हान दिलं. वाद होता प्रचारातल्या भाषणांचा. पण १९९३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने उमेदवाराच्या खर्चमर्यादेबद्दलही सुनावलं : ही मर्यादा म्हणजे निव्वळ धूळफेक आहे. कारण १९७४ साली संसदेने एक पळवाट करून ठेवली होती. पक्षाने किंवा मित्रांनी केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरायचा नाही! २००३ मध्ये मित्रांची वाट बंद झाली, पक्षाची उघडीच राहिली. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला मर्यादा होती ९५ लाखांची. पक्षाला कसलीच नव्हती.

म्हणजे बघा, मतदार निवडतो तो समोर आलेल्या यादीतून. त्या यादीत कोण येणार, हे बरेचदा खर्च पेलण्याच्या ताकदीवर आधीच ठरलेलं असतं. पैशाची खरी जागा तिथे आहे.

आणि यादीत एकच नाव उरलं तर? हिवरे बाजारला अनेक वर्षं निवड बिनविरोध होत आली. २०२१ मध्ये तिथे मतदान झालं. त्याच वेळी शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, उमराण्याला, सरपंचपदाचा लिलाव उघडकीस आला आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक रद्द केली. बिनविरोध हा शब्द एकच. पण एकीकडे गावाची संमती, दुसरीकडे बोली. म्हणून बिनविरोधचं सरसकट कौतुक आम्हाला मान्य नाही.

तर्कशास्त्रात आवश्यक अट वेगळी आणि पुरेशी अट वेगळी. मत आवश्यक आहे, पुरेसं नाही. मताने माणूस बदलतो. नियम बदलायचा तर मताला मागणी जोडावी लागते. पळवाटेतून निवडून आलेले लोक ती आपणहून बुजवणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण एकच विचारू या : पक्षाच्या खर्चालाही मर्यादा घालण्यासाठी तुम्ही सभागृहात बोलाल का? आणि पाच वर्षांनी तो पुन्हा आला, की आधी त्याच उत्तराचा हिशेब मागू या.