पारध आणि शिकार : मुकुटबनहून मराठी रानलेखन वाचताना



मराठीत एकाच कामाला दोन शब्द आहेत. एक पारध आणि दुसरा शिकार. शिकार हा शब्द फारसीतून आला आणि राजवाड्यात, छावणीत, पुढे साहेबाच्या तंबूत रुळला. पारध आपल्या बोलीतली. पण गंमत पाहा, शिकार करणारा तो शिकारी म्हणून मिरवला आणि पारध करणाऱ्याची जात झाली. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, त्यानंतर पारध्यांच्या कपाळी जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. तो कायदा 1952 मध्ये गेला, शिक्का अजून पुरता गेलेला नाही. रान तेच, हरीण तेच. एकाची हौस आणि दुसऱ्याचा गुन्हा.

आज आपण बोलणार आहोत ते मराठी शिकारकथेबद्दल आणि तिच्यातून पुढे आलेल्या रानलेखनाबद्दल. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या लेखनाचा कस लेखकाच्या हातात बंदूक आहे की दुर्बीण, यावर लावू नये. रानात भूक कोणाची आहे आणि बोलायला कोणाला मिळतं, यावर लावावा.

मराठी माणसाच्या कानावर सर्वांत जास्त पडलेली शिकारकथा कोणती? आमच्या मते ती श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’तली. 1718 सालचा हा ग्रंथ आजही घरोघरी वाचला जातो. त्याच्या दुसऱ्या अध्यायात व्याध रात्रभर बेलाच्या झाडावर बसतो. घरी बायकापोरं उपाशी आहेत, म्हणून तो तिथे आहे. हरिणी येते आणि बोलते. पाडसांना भेटून परत येते, असा शब्द देते आणि पाळते. आपण ही कथा शिवरात्रीचं पुण्य म्हणून ऐकतो. जरा शिकारकथा म्हणूनही ऐकू या. इथे मारणाऱ्याला भूक आहे, मरणाऱ्याला वाचा आहे, आणि दोघांनाही घरसंसार आहे.

आता साहेबाची शिकारकथा घ्या. कॅप्टन फोर्सिथचं मध्य भारताच्या डोंगररानावरचं इंग्रजी पुस्तक 1871 चं, म्हणजे ज्या साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला त्याच सालचं. अशा पुस्तकांनी एक साचा पाडला. मुक्काम, खबर, हाका, मचाण, नेम, आणि शेवटी जनावराची लांबी. हरीण बोलायचं थांबलं. माग काढणारा गोंड किंवा कोरकू कथेत येतो खरा, पण वाट दाखवून बाजूला होतो. रान त्याला पाठ, कथा मात्र साहेबाची. मराठी शिकारकथेनं हा साचा बराचसा जसाच्या तसा उचलला. साहेबाच्या जागी वकील आले, डॉक्टर आले, इनामदार आले. हाकेकरी तेच राहिले.

या साच्यामागे कायदाही होता, तो विसरू नये. 1927 च्या भारतीय वन कायद्याचं कलम 26 पाहा. राखीव जंगलात नियम मोडून शिकार करणं, मासे धरणं, पाण्यात विष कालवणं, फास लावणं, हे सगळं एका दमात गुन्हा ठरवलेलं आहे. ‘नियम मोडून’ हे शब्द महत्त्वाचे. नियमात बसणाऱ्याला परवाना होता, ठरवून दिलेला शिकारीचा टापू होता, विश्रामगृह होतं. ज्याच्याकडे फी होती त्याची ती सहल. ज्याच्याकडे फक्त फास होता त्याची ती चोरी. सरकारी रान सगळ्यांचं म्हणायचं, पण दार एकाच बाजूनं उघडायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही परवान्याची वाट थोडी शिल्लक होती. 1991 च्या दुरुस्तीनं हौसेची शिकार कायद्यातून संपली.

बंदूक गेली, पण साचा गेला का? खरा प्रश्न इथे सुरू होतो.

व्यंकटेश माडगूळकर स्वतः बंदूक घेऊन रानात हिंडलेले. त्यांचं ‘नागझिरा’ 1979 मध्ये आलं. त्यात माणूस मारायला नव्हे, पाहायला जातो. मराठीतलं हे मोठं वळण आहे. त्यांच्या वाक्यात घाई नाही, कौतुकाचा फुगारा नाही, डोळ्यांना दिसलं तेवढंच आहे. पुढे ‘सत्तांतर’मध्ये तर त्यांनी वानरांच्या टोळीलाच नायक केलं. श्रीधरांनंतर हरवलेली जनावराची बाजू तिथे पुन्हा आली. पण ‘नागझिरा’चं केंद्र रानात काही दिवस मुक्कामाला आलेला पाहुणाच आहे. पाहुणा सज्जन आहे, म्हणून घर त्याचं होत नाही.

मारुती चितमपल्लींची गोष्ट वेगळी. ते वनखात्यात होते, म्हणजे रानात मुक्कामाला नव्हे, नोकरीला होते. नवेगावबांधच्या तळ्याकाठी त्यांनी जुन्याजाणत्यांकडून पाखरांची, झाडांची, माशांची नावं गोळा केली. त्यांच्या पानांवर माहिती देणारा माणूस निव्वळ वाटाड्या राहत नाही, तो गुरू होतो. मराठीला त्यांनी दिलेलं हे देणं फार मोठं आहे. तरी एक गोष्ट म्हणायला हवी. ज्ञान कोणाचं, हे ते आदरानं सांगतात. हक्क कोणाचा, हा प्रश्न मात्र त्यांच्या लेखनाच्या मध्यभागी येत नाही. ज्या खात्याचा गणवेश अंगावर होता, त्याच खात्याकडे कलम 26 होतं.

मासेमारीकडे पाहिलं की हा फरक जास्त उघड होतो. साहेबाच्या गळाला लागलेला महसीर पुस्तकात जातो. 1873 मध्येच थॉमस नावाच्या इंग्रजानं हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर अख्खा ग्रंथ लिहिला. पण भोई आणि ढिवर जाळं टाकतात, त्याची कथा होत नाही, कारण ते काम आहे. कामाला रोमांच नसतो, अशी आपली समजूत. पैनगंगेच्या पाण्यात पहाटे कमरेइतकं उभं राहून जाळं ओढणाऱ्याला विचारा, रोमांच असतो की नाही.

इथे कायदा साहित्याच्या पुढे गेला, असं आम्हांला वाटतं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं मासे आणि पाण्यातलं उत्पन्न यांवर वनवासी समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला. शिकारीचा परंपरागत हक्क मात्र त्याच कायद्यानं स्पष्टपणे वगळला. म्हणजे 1927 मध्ये एका ओळीत बांधलेल्या दोन गोष्टी 2006 मध्ये सुटल्या. शिकार वगळली ते योग्यच, असं आमचं मत आहे. पण ती सोडायला ज्यांना सांगितलं, त्यांनी काय सोडलं, हे मराठीत नीट लिहिलं गेलं नाही. हौस सोडणं आणि ताटातलं सोडणं, ही एकच गोष्ट नव्हे.

हे सगळं मुकुटबनला का सांगायचं? कारण जुनी शिकारकथा या भागात परत आलेली आपण वाचली आहे. पांढरकवडा–राळेगावच्या पट्ट्यात 13 माणसांच्या मृत्यूंशी नाव जोडली गेलेली टी-1 वाघीण 2 नोव्हेंबर 2018 ला मारली गेली. त्या दिवसांतल्या बातम्या काढून पाहा. खबर, माग, खासगी नेमबाज, नेम. साचा तोच. वाघिणीचं अवनी हे नाव देशभर झालं. मेलेल्या शेतकऱ्यांची, गुराख्यांची नावं किती वाचकांना आठवतात? आणि 2021 च्या एप्रिलमध्ये इथल्याच मुकुटबन वनपरिक्षेत्रात एक वाघीण गुहेत मारलेली सापडली, पंजे तोडलेले. त्यावर संताप झाला, व्हायलाच हवा होता. पण संताप म्हणजे समज नव्हे. समज द्यायचं काम साहित्याचं.

झरी जामणीच्या शेतात आज रात्री कोणीतरी जागलीला बसेल. कपाशी, तूर, हरभरा. रोही येतात, रानडुकरं येतात, चितळं येतात. त्यांच्या मागावर वाघही येतो. हा माणूस माळ्यावर बसलेला आहे, हातात बॅटरी, जवळ डबा किंवा फटाके. व्याधासारखाच उंचावर, रात्रभर, घरच्यांच्या पोटासाठी. फरक एवढाच की तो मारायला नाही, हाकलायला बसला आहे. आणि शेजारच्या धुऱ्यावर कोणी तारेत वीज सोडली असेल, तर त्यात हरीणही मरेल, वाघही मरेल, कधी माणूसही मरेल. ही रात्र मराठी रानलेखनात जवळजवळ नाही. शिकारकथेला ती नको होती, कारण हिच्यात पराक्रम नाही. निसर्गलेखनाला ती नको असते, कारण हिच्यात शांतता नाही.

ही रात्र लिहिणारा लेखक बाहेरून येणार नाही, असं आमचं मत आहे. तो कोलाम असेल, गोंड असेल, पारधी असेल, कुणब्याचं पोर असेल. त्याला माडगूळकरांचे डोळे लागतील, चितमपल्लींचा कान लागेल. पण त्याला आणखी एक करावं लागेल, जे श्रीधरांनी तीनशे वर्षांपूर्वी केलं. झाडावर बसलेल्याची भूकही सांगायची आणि खाली उभ्या हरिणीचं ऐकूनही घ्यायचं. दोन्हींतलं एकच सांगणारी पुस्तकं आपल्याकडे पुष्कळ झाली.