राजाचा मृत्यू आणि बखरकाराची लेखणी

मयेहून नार्वे फार दूर नाही. तेथील श्रीसप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. त्या राजांची नावे आज उरली आहेत ती नाण्यांवर आणि ताम्रपटांत. पुढे १६६८ साली शिवछत्रपतींनी या देवालयाचे काम आरंभिले, असे तेथील शिलालेख सांगतो. हा लेख राजाच्या हयातीतला आहे. राजांच्या मरणाविषयी आपल्या भाषेत जे लिहिले गेले ते मात्र बहुधा मागाहून लिहिलेले असते, आणि अध्यापक ते शिकविताना हा भेद विसरतात, अशी आमची तक्रार आहे.

सभासदाच्या बखरीतील शिवरायांच्या अंतकाळाचे वर्णन मराठी गद्याचे एक लेणे आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर राजे निवर्तले. ज्वराची व्यथा, आयुष्याची मर्यादा संपली हे राजांनी स्वतः ओळखणे, भोवती जमविलेली विश्वासू माणसे, शेवटचा उपदेश असा हा प्रसंग चढत जातो. भूकंप, धूमकेतू इत्यादी उत्पातांचे आम्ही फारसे मनावर घेत नाही. थोर पुरुषाच्या निधनी ते घडावेत हा पुराणांचा जुना संकेतच आहे. विचार करावयास लावणारी गोष्ट वेगळीच आहे. मरणाच्या दारी राजे भविष्य सांगतात: संभाजीराजांच्या हातून राज्याची हानी होईल, आणि पुढे प्रल्हाद निराजी, रामचंद्र नीळकंठ, संताजी घोरपडे, धनाजी जाधव ही माणसे ते सावरतील. नावे इतकी अचूक कशी? बखर लिहिली गेली १६९७ मध्ये, जिंजीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. तोवर ही सारी माणसे आपापला पराक्रम गाजवून चुकली होती. म्हणजे १६८० च्या मुखात १६९७ ची वाणी घातलेली आहे. यास लबाडी म्हणण्याचा उतावळेपणा आम्ही करणार नाही. वेढ्यात सापडलेल्या दरबारास, आपले हाल थोरल्या महाराजांनी आधीच पाहिले होते, हा केवढा धीर! साहित्य म्हणून हा प्रसंग येथेच सर्वांत मोठा ठरतो आणि साक्ष म्हणून येथेच लंगडा पडतो.

इंग्रजांच्या देशात अशा वेळी भूमीच साक्षीस उभी राहते. तिसरा रिचर्ड १४८५ साली बॉसवर्थच्या रणात पडला. ट्यूडर काळातील लेखकांनी त्यास विद्रूप केले आणि शेक्सपिअरने ते रूप अमर केले. २०१२ साली लेस्टर येथे त्याचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा खरोखरच वाकलेला निघाला. वाळलेला हात मात्र निघाला नाही. नाटककाराचा एक शब्द हाडांनी मान्य केला, एक खोडून काढला. आपल्याकडे अग्नी काही ठेवीत नाही. समाधी ही स्मृतीची जागा, देहाची नव्हे. म्हणून आपल्या राजांच्या बाबतीत शब्दांचीच उलटतपासणी शब्दांनी करावी लागते.

हे काम न झाल्याचा सर्वांत मोठा तोटा संभाजी महाराजांस सोसावा लागला. १६८३ साली ते येथून जवळच्याच जुवे बेटावर उतरले, तेव्हा पोर्तुगीज विजरईने बॉम जीझसमध्ये जाऊन संत फ्रान्सिस झेविअरची शवपेटी उघडविली आणि आपला अधिकारदंड त्या देहापाशी ठेवला. ज्याच्या धाकाने एका मृतास राज्य सोपविण्याची पाळी आली, त्या राजाचा स्वतःचा देह १६८९ साली भीमाकाठी छिन्नविच्छिन्न झाला. त्याच्या वाट्यास सभासदाने रंगविला तसा शांत अंतकाळ आला नाही. आले ते मरणशय्येवरील भविष्य, म्हणजे दुसऱ्याच्या मृत्यूच्या वर्णनात आधीच लिहून ठेवलेला निकाल. मल्हार रामराव चिटणिसाने शंभरांहून अधिक वर्षांनी तो अधिक गडद केला. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० साली चरित्र प्रसिद्ध करून, आणि वढू येथील समाधीचा शोध घेऊन, हे प्रकरण पुन्हा उघडले. ‘बुधभूषण’ या संस्कृत ग्रंथाचा कर्ता असलेला राजा आपणांस तेथे भेटतो. सभासदाच्या पानांत तो कोठेच भेटत नाही.