सोसणारा वीर

वीररसाचें नांव काढलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रहार करणारा पुरुष उभा राहतो. प्रहार झेलणारा पुरुष आमच्या काव्यांत बहुधा प्रतिपक्षांतच सांपडतो, आणि तोही पडण्यापुरता. ज्याचें मुख्य कर्म मारणें नसून मार सोसणें, आणि सोसूनही उभें राहणें हें आहे, अशा वीराला साहित्यशास्त्रानें स्वतंत्र आसन दिलेलें नाहीं. दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर असे चार भेद विश्वनाथानें ‘साहित्यदर्पणां’त सांगितले, सहनवीर हा पांचवा भेद त्यानें सांगितला नाहीं. हा पांचवा वीर आम्हांस भेटला तो ग्रंथांत नव्हे, तर संगणकावरील एका खेळांत. प्रस्तुत लेखांत त्याचेंच परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे. खेळ हा वाङ्मयीन मासिकाचा विषय कसा, असें कांहीं वाचक विचारतील. परंतु नाटकाचा प्रयोग जर परीक्षणास पात्र ठरतो, तर ज्यांत पांचपंचवीस माणसें भूमिका वांटून घेऊन एक बिकट प्रसंग तडीस नेतात, त्या खेळानें काय पाप केलें आहे?

आमचा भाचा चिंचवडास राहतो आणि चाकणच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत नोकरी करतो. दुसरी पाळी संपवून तो मध्यरात्रीं घरीं येतो, जेवतो, आणि कानांवर हेडफोन चढवून ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नांवाचा खेळ मांडून बसतो. गेल्या पावसाळ्यांत आम्ही त्याच्याकडे चार दिवस मुक्कामास होतों. रात्रीं एक वाजतां पडद्यावरचा तो धुमाकूळ पाहून आम्ही कांहींशा तिखटपणें म्हणालों, “खुर्चींत बसून पराक्रम गाजवणं सोपं असतं.” तो शांतपणें म्हणाला, “मामा, मी पराक्रम गाजवतच नाही. माझं काम मार खायचं आहे. मी पडलो, की सगळे पडतात.” इतकी वर्षें वर्गांत वीररस शिकवीत असतांना असें वाक्य आमच्या कानीं कधीं आलें नव्हतें. आम्हीं खुर्ची ओढली व त्याच्याजवळ बसलों. तीं चारही रात्रीं आमचें जागरण झालें.

हा खेळ २००४ सालीं बाहेर पडला. त्याच्या गुहांतून पांच जणांची टोळी शिरते. तिघे शत्रूवर घाव घालतात, एक जण जखमा भरून काढतो त्यास हीलर म्हणतात, आणि एक जण सर्वांच्या पुढें उभा राहून शत्रूचे आघात अंगावर घेतो, तो टँक. ही श्रमविभागणी या खेळानें शोधून काढलेली नाहीं. १९९९ सालच्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळांत ती चांगलीच रुळलेली होती. परंतु खेळणारांपैकीं फार थोड्यांस टँक व्हावेंसें वाटतें. घाव घालणारांस टोळी मिळण्यासाठीं ताटकळत बसावें लागतें. टँकला ती झटकन मिळते. २०११ सालीं तर, ज्या भूमिकेचा तुटवडा असेल ती घेणारास ज्यादा बक्षीस देण्याची सोय खेळाच्या चालकांस करावी लागली. आणि तुटवडा बहुतेक वेळां टँकचाच असे. पुढें उभें राहण्यास माणसें नसतात, ही अडचण काल्पनिक जगांतही सुटलेली नाहीं!

टँक या शब्दाचा प्रवासही मोठा मनोरंजक आहे. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं सोमच्या रणांगणावर इंग्रजांनीं पोलादी रणगाडे प्रथम उतरविले. त्यांचें गुपित फुटूं नये म्हणून, तयार होत आहेत त्या पाण्याच्या टांक्या आहेत, अशी हूल उठविण्यांत आली होती, आणि तेंच नांव त्यांस चिकटलें. पण पाण्याची टांकी या अर्थाचा हा इंग्रजी शब्द मुळांत कोठला? आपल्या गुजराती-मराठींतील ‘टांकें’ या शब्दाशीं कोशकार त्याचें नातें जोडतात. आमच्या गडांवर कातळांत खोदलेलीं टांकीं आहेत. वेढा पडला म्हणजे शिबंदीचे प्राण त्यांवर अवलंबून असत. तोच शब्द साता समुद्रांपलीकडे जाऊन रणगाडा झाला, आणि खेळांतला सहनवीर होऊन चिंचवडच्या एका खोलींत परत आला.

आतां या भूमिकेच्या कलेकडे वळूं. प्रथमदर्शनीं असें वाटतें कीं, जाड चिलखत घालून उभें राहिलें म्हणजे झालें. तसें नाहीं. शत्रूनें टँकवरच कां तुटून पडावें? खेळांत प्रत्येक शत्रूपाशीं रागाची एक वही असते. कोणी घाव घातला, कोणी जखमा भरल्या, त्या त्या मानानें प्रत्येकाच्या नांवावर राग जमा होतो, आणि ज्याच्या नांवावर तो सर्वांत अधिक, त्यावर शत्रू धांवतो. टँकनें आपलें नांव या वहींत सदैव वर राखावयाचें. ते खालीं गेलेंच, तर त्याच्यापाशीं ‘टॉन्ट’ नांवाचें एक अस्त्र असतें. टॉन्ट म्हणजे डिवचणें. डिवचतांच शत्रू इतरांस सोडून त्याच्याकडे वळतो.

येथें आम्हांस धनंजयाच्या ‘दशरूपका’ची आठवण झाली. नायकाचे जे आठ सात्त्विक गुण त्यानें गणले आहेत, त्यांत स्थैर्य आणि तेज हे दोन आहेत. विघ्नें आलीं तरी निश्चयापासून न ढळणें हें स्थैर्य. प्राण गेला तरी अपमान सहन न करणें हें तेज. आमच्या कवींनीं तेजाचीच आरती अधिक ओंवाळली. या खेळानें मात्र दोहोंची वांटणी उलट केली आहे. ज्यास अपमान सोसवत नाहीं तो राक्षस, आणि म्हणूनच तो फसतो. जो सोसतो आणि ढळत नाहीं तो नायक. तेज हा गुण प्रतिनायकाच्या पदरांत टाकून त्याचाच त्यास गळफास करणें, ही कल्पना ज्यास सुचली त्यास रसशास्त्र ठाऊक नसेल. मनुष्यस्वभाव खास ठाऊक होता.

डिवचणें एक वेळ सोपें. त्यानंतर जगणें कठीण. आमच्या भाच्याकडून आम्हीं त्याचे नियम एकामागून एक काढून घेतले. पहिला नियम, शत्रूस पाठ दाखवूं नये. हा उपदेश आमच्या प्रत्येक वीरकाव्यांत आहे, पण तेथें तो अब्रूसाठीं आहे. येथें त्याचें कारण निव्वळ व्यवहाराचें आहे: समोरून आलेला घाव ढालीवर घेतां येतो किंवा चुकवितां येतो, पाठीमागून आलेला येत नाहीं. दुसरा नियम, शत्रूचें तोंड सोबत्यांच्या विरुद्ध दिशेस वळवून ठेवावें. कारण अजगरासारखा प्राणी आगीचा फूत्कार टाकतो तो समोर टाकतो. तिसरा नियम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटला. टँकपाशीं चारदोन निर्वाणीचे बचाव असतात. कांहीं क्षण घावाचा जोर कमी करणारे, कांहीं क्षण जीवनशक्ति वाढविणारे. एकदां वापरला कीं तो बचाव बराच वेळ पुनः हातीं येत नाहीं. नवशिका मनुष्य घाबरून सगळे एकदम वापरतो, किंवा शेवटासाठीं राखतां राखतां न वापरतांच मरतो. जाणता मनुष्य मोठा घाव कधीं येणार याचा अंदाज बांधून, घावाच्या आधीं, एका वेळीं एकच खर्च करतो. चवथा नियम, आपण एकटे उभे आहों असें मानूं नये. हीलरची शक्तिही आटत असते, म्हणून आपण जितका मार चुकवूं तितकी ती दुसऱ्यासाठीं उरते. मोठ्या लढाईंत बहुधा दोन टँक असतात. एकावर जखमांचे थर चढूं लागले कीं दुसऱ्यानें डिवचून शत्रू आपल्याकडे घ्यावयाचा, आणि पहिल्यानें मान न दुखवितां बाजूस व्हावयाचें.

हें सारें ऐकत असतां आमचें मन राहून राहून चाकणकडे धांव घेत होतें. भाचा रोज ज्या कारखान्यांत जातो त्यापासून थोड्या अंतरावर, चाकण गांवांत संग्रामदुर्ग नांवाचा भुईकोट आहे. थोडा तट, कांहीं बुरूज, खंदकाचा अवशेष, एवढेंच आज त्याचें रूप आहे. चवथ्या दिवशीं आम्ही दोघे तेथें गेलों. बाहेर नाशिकच्या रस्त्यावर मालमोटारींची रांग हलत नव्हती.

१६६० सालच्या मे महिन्यांत शाएस्तेखान पुण्यास उतरला, आणि २१ जून रोजीं त्यानें या कोटास वेढा घातला. त्या वेळीं शिवाजीमहाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यांत अडकले होते. एवढ्या प्रबळ सरदारानें सपाटीवरच्या या लहानशा कोटापाशीं कां थांबावें? कारण अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, तेथून पुण्यास येणारा जवळचा मार्ग चाकणवरून जात होता, आणि रसद त्या मार्गानें आणावयाची होती. खऱ्या युद्धांत शत्रूस शब्दांनीं डिवचून भागत नाहीं. त्याच्या वाटेंत उभें राहावें लागतें. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा वाटेंत उभे होते.

भुईकोटास उंचीचें चिलखत नाहीं. खंदक, तट, पाऊस आणि तीनचारशें माणसें, एवढेच बचाव. ते फिरंगोजींनीं एकदम उधळले नाहींत. सुमारें ५५ दिवस कोट लढत राहिला. १४ ऑगस्ट रोजीं मोगलांनीं सुरुंगानें एक बुरूज उडविला, आणि फौज खिंडारांतून आंत घुसली. पाहते तों आंत मातीचा दुसरा बांध घातलेला! ती रात्र मोगलांस खिंडारांतच काढावी लागली. दुसऱ्या दिवशीं मात्र इलाज उरला नाहीं. फिरंगोजींनीं कोट स्वाधीन केला आणि उरलेलीं माणसें जिवंत बाहेर काढलीं. मोगलांचे २६८ ठार व ६०० जखमी झाल्याचा आकडा जदुनाथ सरकारांनीं दिला आहे. खानानें फिरंगोजींस आपल्या चाकरींत बोलाविलें; त्यांनीं नाकारलें व ते महाराजांकडे परत गेले. या सगळ्या काळांत त्यांस बाहेरून मदत पोहोंचली नव्हती. खेळाच्या भाषेंत बोलावयाचें तर हीलरवांचून झुंजणारा हा टँक होता.

याच पावसाळ्यांत, जुलैमध्यें, घोडखिंडींत बाजीप्रभु देशपांडे पडले. कर्म दोघांचेंही एकच: दुसरा सुखरूप पोहोंचावा म्हणून स्वतः आडवें राहणें. बाजींवर सावरकरांनीं पोवाडा रचिला, अरविंद घोषांनीं इंग्रजींत दीर्घ काव्य लिहिलें, त्यांचें नांव घराघरांत आहे. तें योग्यच आहे. परंतु फिरंगोजींचें नांव घेतांना आपली वाणी इतकी आंखडती कां होते? आमच्या मतें याचें कारण एकच आहे, ते जगले. मरणानें काव्यास आपोआप शेवट मिळतो. जगलेल्या वीराचा शेवट कसा करावा हें आमच्या कवींस उमगलेलें नाहीं. त्यांतून कोट गेला, म्हणजे विजयही नाहीं. मग कवीनें गावें काय? खेळ यास उत्तर देतो. तेथें टँकच्या यशाची मोजणी त्यानें किती मारले यावर होत नाहीं. त्याच्या मागचे किती जण उभे राहिले, आणि त्यांस किती वेळ मिळाला, यावर होते. या मापानें चाकणचें यश मोजून पाहावें. ज्या दिवसांत महाराज पन्हाळ्याहून विशाळगडास पोहोंचले, त्या दिवसांत दुसरा शत्रू चाकणच्या चिखलांत गुंतून पडला होता.

येथवर आम्हीं खेळाची वाखाणणी केली. आतां त्याचे दोष सांगणें प्राप्त आहे. खेळांतलें मरण फार स्वस्त आहे. टोळी पडली तर पुनः उठते, चिलखताच्या दुरुस्तीचे चार पैसे भरते, आणि त्याच राक्षसापुढें पुनः उभी राहते. त्यामुळें धैर्याचा अभ्यास होतो, परीक्षा होत नाहीं. दुसरा दोष असा कीं, शत्रूस बुद्धि नाहीं. खरा शत्रू कोट टाळून पुढें जाऊं शकतो, किल्लेदारास मनसबीची लालूच दाखवूं शकतो. परंतु सर्वांत मोठा दोष तिसरा. या खेळांतल्या टँकला सर्व कांहीं करतां येतें, फक्त शरण जातां येत नाहीं. १५ ऑगस्टच्या त्या सकाळीं फिरंगोजींनीं जो निर्णय घेतला, आतां पुरे, यापुढें सोसणें म्हणजे माझ्या अब्रूसाठीं दुसऱ्यांचे जीव देणें होय, असाच त्याचा अर्थ आम्ही लावतों; आणि त्या निर्णयासाठीं कळफलकावर एकही कळ नाहीं. सोसण्याची कला खेळ शिकवितो. सोसणें कोठें थांबवावें हें तो शिकवूं शकत नाहीं. तें खिंडारांत उभें राहूनच कळतें.

भाच्यास आम्हीं हें सांगितलें. तो कांहीं वेळ खंदकाकडे पाहत राहिला, आणि म्हणाला, “आईला बंद करायची वेळ कधी कळली असेल, मामा?” त्याच्या वडिलांचा पिंपरीचा कारखाना बंद पडला, त्यानंतर अकरा वर्षें आमची बहीण पहांटे चारास उठून कामगारांचे डबे करीत असे. मुलाची नोकरी कायम झाली त्या महिन्यांत तिनें चुलीवरचीं तीं मोठीं पातेलीं विकून टाकलीं, आणि त्याविषयीं कोणाशीं चकार शब्द काढला नाहीं. त्या अकरा वर्षांत आम्ही पुण्यास वीररसावर व्याख्यानें देत होतों. दिवाळीस तिच्याकडे जात असूं, जेवत असूं, आणि तिची तब्येत उतरली आहे असें म्हणून परत येत असूं.

त्या रात्रींही ती दीड वाजतां उठून मुलास गरम भाकरी वाढीत होती. आम्ही स्वयंपाकघरांत गेलों आणि प्रथमच तिला त्या वर्षांविषयीं विचारलें. ती म्हणाली, “दादा, आता कशाला ते? बस, तुलाही वाढते.”