दुहेरी रेघ

१९७२च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या फिगर स्केटिंगचं सुवर्णपदक ऑस्ट्रियाच्या बेआट्रिक्स शूबाला मिळालं. मुक्त स्केटिंगमध्ये ती सातवी होती. त्यात पहिली आलेल्या अमेरिकेच्या जॅनेट लिनला कांस्यपदक. निकाल फिरला तो सक्तीच्या आकृत्यांवर. तिथे ना संगीत, ना उड्या. एका पायावर वर्तुळं काढायची, तीच रेघ पुन्हा गिरवायची आणि परीक्षकांनी वाकून बर्फावरची खूण तपासायची.

तौलनिक साहित्यात एम.ए. करताना मी ही हकीकत 'व्याकरणाने कवितेवर केलेली मात' म्हणून सांगत असे. इतकी वर्षं भाषांतर केल्यावर तसं म्हणवत नाही. स्केटच्या पात्याला तळाशी खोबण असते, म्हणून कडा दोन. दोन्हींवर उभं राहिलं की बर्फावर दुहेरी रेघ उमटते, ती चूक. एक कड निवडून तिच्यावर तोल सोपवला की अंग कलतं आणि त्या कलण्यातूनच वळण येतं. डौल वरून चढवावा लागत नाही. माझे सुरुवातीचे खर्डे दुहेरी रेघेचे होते : मूळ शब्दही सोडायचा नाही, मराठी वळणही नाही.

आकृत्या १९९०नंतर जागतिक स्पर्धांतून गेल्या. लिनची दृश्यं पाहताना मला आता तिच्या हातांआधी पायाखालची कड दिसते. आपली भाषांतर-परीक्षणं मात्र अजून 'अचूक पण रुक्ष', 'ओघवतं पण सैल' असे दोन वह्यांत गुण मांडतात. परीक्षकाने वाकून रेघ पाहावी. पण ती काढणारं अंग कसं कललं होतं, हेही त्याच नजरेत यावं.